जुन्या बर्मी टोपलीला पॉलिश करून विकू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या छोट्या जाहिरातींत ‘बर्मी लाखकामाची अँटिक बांबू टोपली, झाकणासह, नुकतीच पॉलिश केलेली, नव्यासारखी’ अशी एक जाहिरात होती. अशा जाहिराती अधूनमधून येतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारीही अशा टोपल्या मांडलेल्या दिसतात. विकणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मळकट वस्तू चमकवून गिऱ्हाइकापुढे ठेवावी, एवढीच त्याची समजूत असते. पण या वस्तूच्या बाबतीत ती समजूत वस्तूच्याच मुळावर येते. महिनोन् महिने खपून चढवलेले थर पॉलिशवाला एका दुपारी उतरवतो, आणि ते परत चढवणारे हात पुण्यात नाहीत. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

घोटाळा होतो तो लेपाच्या ओळखीत. आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर बसणारे किडे ती तयार करतात. ती उष्णतेने वितळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचे चपडा पॉलिश त्याच गुणावर चालते. ब्रह्मदेशातल्या टोपलीवरचा काळा-तांबडा लेप या लाखेचा नव्हेच. तो झाडाचा चीक आहे. तिथे त्याला थित्सी म्हणतात. झाडाचे शास्त्रीय नाव ग्लुटा उसिटाटा. आंबा, काजू आणि बिब्बा ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झाड, त्यामुळे कच्चा चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. खोडाला तिरप्या खाचा पाडून बांबूच्या नळकांड्यांत तो गोळा करतात. काढताना करडा-पिवळट असतो, हवा लागली की काळा पडत जातो.

हा चीक रंगासारखा ‘वाळत’ नाही. हवेत दमटपणा असेल तर त्यातल्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तो घट्ट होतो. कोरड्या हवेत ठेवला तर आठवडाभरही चिकट राहू शकतो. म्हणून ब्रह्मदेशात या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या बागान गावचे कारागीर प्रत्येक थर दिल्यावर वस्तू जमिनीखालच्या दमट खोलीत तीन दिवस ते आठवडाभर ठेवतात, बाहेर काढून घासतात, मग पुढचा थर. साध्या वस्तूला सात-आठ थर, चांगल्या वस्तूला त्याहून बरेच अधिक. सहा महिने सहज जातात. एकदा पुरा घट्ट झाला की हा लेप पाण्याला, तेलाला आणि बऱ्याच आम्लांनाही दाद देत नाही, आणि अंगालाही सहसा उतत नाही. पाणी शेंदायच्या बांबूच्या बादल्यासुद्धा तिथे या लेपावर चालत.

आता टोपलीचे अंग. बागानच्या पानाच्या डब्यांसारख्या वस्तूंत बांबूच्या बारीक पट्ट्या गोल गुंडाळून किंवा विणून साचा करतात; अगदी उंची डब्यांत उभ्या पट्ट्या बांबूच्या आणि आडवी वीण घोड्याच्या केसांची असते. असा डबा तोंडाशी चिमटीत दाबला तर दबतो आणि सोडला की पुन्हा गोल होतो. या साच्यावर चिकात राख, हाडांची भुकटी किंवा लाकडाचा भुसा कालवून केलेली लांबी (पुट्टी) भरतात, त्यामुळे वीण पूर्ण झाकली जाते. टोपलीचे तसे नसते. तिच्यात लांबी पातळ असते किंवा नसतेच. वीण दिसायलाच हवी. डोंगराळ भागातल्या टोपल्यांचे बूड बहुधा चौकोनी, तोंड गोल, काठ वेताने बांधलेला, आणि बुडाच्या कोपऱ्यांना पाय. पुष्कळदा आत एक जाड विणीची आणि बाहेर एक बारीक विणीची अशा दोन टोपल्या एकात एक बसवून काठाशी एकत्र बांधलेल्या असतात. यातल्या काही धान्याच्या मापाच्या. ब्रह्मदेशात भाताचे मापच टोपलीचे: एक टोपली भात म्हणजे ४६ पौंड, सुमारे २१ किलो. तेव्हा मोठी, जाड काठाची, झिजलेल्या तोंडाची टोपली दिसली तर ती शोभेची नसून मोजमापाची असू शकते, आणि काठाची ती झीज हाच तिचा दाखला असतो.

पॉलिशवाला काय करतो ते पाहा. आधी पॉलिश पेपर मारतो. वरचा तांबडा थर मुळातच कागदाइतका पातळ असतो. विणीच्या उंचवट्यांवरून तो पहिल्या हातालाच निघतो आणि खालचा काळा उघडा पडतो. जुना तांबडा हिंगुळाचा, म्हणजे त्यात पारा. पिवळा हरताळाचा, म्हणजे त्यात सोमल. हिरवा हरताळात नीळ मिसळून केलेला. ही सगळी भुकटी पॉलिशवाल्याच्या नाकातोंडात आणि आपल्या गॅलरीत जाते. मग तो चपड्याचे दोन-तीन हात देतो. चपडा विणीच्या खाचांत साचतो, कडा बुजतात, सगळ्या टोपलीवर नारिंगी झाक येते. नंतर कुणाला तो काढावासा वाटला तर स्पिरिट वापरावे लागते. चांगल्या अवस्थेतल्या थित्सीला स्पिरिट काही करत नाही, पण जुन्या टोपलीचा पृष्ठभाग उजेडाने आधीच कमकुवत झालेला असतो. चपड्याबरोबर तोही सुटून बोळ्यावर येतो. म्हणजे लावले तरी नुकसान, काढले तरी नुकसान. पॉलिशऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) किंवा काळा ऑइल पेंट मारलेला असेल तर गोष्टच संपली.

घेणाऱ्याने हे ओळखायचे कसे? सर्वांत सोपे साधन म्हणजे ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. नोटा तपासायला वापरतात तसल्या बॅटऱ्यांत ती मिळते. खोली अंधारी करून टोपलीवर फिरवा. चपड्याचे पॉलिश ठळक नारिंगी चमकते. आधुनिक वॉर्निश आणि गोंद बहुधा निळसर-पांढरे दिसतात. थित्सी जवळजवळ काहीच चमक देत नाही, काळपट मंदच राहते. सगळी टोपली मंद आणि काठाजवळ एक नारिंगी पट्टा असे दिसले तर तिथे दुरुस्ती झालेली आहे. दुरुस्ती असणे हा दोष नव्हे. ती न सांगणे हा दोष. स्पिरिटचा बोळा लावून पाहायची सवय काही व्यापाऱ्यांना असते. वर सांगितलेल्या कारणामुळे ती टाळावी. अगदीच करायची तर मालकाला विचारून, बुडाच्या खालच्या बाजूला, रंग नसलेल्या जागी, कापूसकाडीच्या टोकाएवढीच.

टॉर्च नसेल तर दिवसाच्या तिरप्या उजेडात वीण पाहा. खऱ्या लेपात पट्टीची कड मऊ गोलसर दिसते, आणि दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात त्या फटीत लेप आत शिरलेला असतो. वरून ब्रशने मारलेला पेंट फटीवर पूल बांधतो आणि नखाने कातड्यासारखा उचलला जातो. मग झीज कुठे आहे ते बघा. वापरातली टोपली काठावर, पायाखाली, झाकणाच्या मुठीभोवती आणि जिथे दोर किंवा कावड लागे तिथे झिजते. बाकी अंग त्या मानाने शाबूत राहते. सगळीकडे सारखीच झीज, एकाच दिशेच्या समांतर ओरखड्यांची, ही पॉलिश पेपरची असते. खाचांत भरलेली करडी धूळ ओल्या कापसाने पुसली जाते का पाहा. गोंदात कालवून भरलेली धूळ पुसली जात नाही. आत बोट फिरवा. जुन्या टोपलीच्या आतल्या पट्ट्यांचा उघडा भाग गडद, गुळगुळीत आणि सगळीकडे थोडा वेगवेगळा असतो. चहाच्या पाण्याने रंगवलेल्या नव्या पट्टीची कापलेली टोके मात्र आतून पांढरीच राहतात.

झाकण स्वतंत्रपणे तपासावेच लागते. दुसऱ्याच टोपलीचे झाकण बसवून जोडी म्हणून विकणे फार चालते. एका इंचात किती पट्ट्या येतात ते टोपलीवर आणि झाकणावर मोजा, पट्टीची रुंदी मोजा, तांबड्याची छटा ताडून पाहा. बांबू वर्षानुवर्षांत थोडा पिळतो, तोंड पूर्ण गोल राहत नाही. त्यामुळे मूळ झाकण बहुधा एकाच बाजूने नीट बसते आणि फिरवले की डगमगते. कसेही फिरवले तरी सैल बसणारे झाकण परके समजावे.

वय सांगताना आपले विक्रेते सर्वांत सैल असतात. ‘दोनशे वर्षे जुनी’ हे तर ठरलेलेच. देवळाला अर्पण केलेल्या काही वस्तूंवर आणि बागानच्या डब्यांवर बर्मी लिपीत नाव आणि साल कोरलेले असते. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे बर्मी सनात ६३८ मिळवायचे. त्यांचे वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलते, म्हणून जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची तिथी असेल तर ६३९. बर्मी सन १२८२ म्हणजे इसवी सन १९२० किंवा १९२१ चे पहिले महिने. साध्या टोपल्यांवर असे काही नसते. तिथे ‘विसाव्या शतकाचा पूर्वार्ध असावा’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे असते. पुण्यात अशा वस्तू आल्या यात नवल नाही. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. लष्करात, रेल्वेत, सरकारी खात्यांत, सागवानाच्या व्यापारात माणसे तिकडे जात-येत होती. घरात रंगून-मंडालेची जुनी पत्रे, बदलीचे हुकूम, फोटो असतील तर ते टोपलीबरोबरच द्यावेत. त्या कागदांनी वस्तूची किंमत आणि विश्वास दोन्ही वाढतात. मात्र ‘थिबा राजाच्या रत्नागिरीच्या राजवाड्यातली’ हे वाक्य कागदाशिवाय कुणी सांगितले तर एक रुपयाही जास्त देऊ नये. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत होता हे खरे, पण कोकणात सापडलेली प्रत्येक बर्मी वस्तू त्याची होत नाही.

‘अँटिक’ म्हणण्याला कायद्याचाही एक अर्थ आहे, आणि जाहिरात देणाऱ्यांना तो माहीत नसतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलाखजिना कायद्यात शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते (हस्तलिखितांसाठी मर्यादा ७५ वर्षांची). पुरावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ती देशाबाहेर पाठवणे खासगी माणसाला मना आहे. तेव्हा दुकानदाराने ‘शंभर वर्षे जुनी’ असे छापले तर गिऱ्हाइकाने परवाना विचारावा. वस्तू तितकी जुनी नसेल तर ‘जुनी’ म्हणा, ‘अँटिक’ म्हणू नका. परदेशातल्या मुलाला पाठवायची म्हणून कुणी घेणार असेल तर त्याने आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. कस्टममध्ये अडकल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

घरी आणल्यावर खरा शत्रू पुण्याची हवा. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते, जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशी-नव्वदला पोचते. बांबू दर वर्षी फुगतो आणि आकसतो. वरचा लेप त्या प्रमाणात हलत नाही. त्यातून पट्ट्यांच्या छेदांवर बारीक तडे जातात, मग कपचे उठतात. वर्षभर पन्नास-साठ टक्के ठेवता आले तर उत्तम, पण घरात ते जमणे कठीण. जमण्यासारखे एवढेच की बदल हळू होऊ द्यावा. एसीच्या झोतासमोर, खिडकीत, टीव्हीवर, पत्र्याखालच्या माळ्यावर टोपली ठेवू नये. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. भिंतीपासून हातभर अंतर असावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे हे सर्वांत वाईट, कारण रात्री आत पाणी धरते. खळ काढलेल्या धुवट मलमलीत सैल गुंडाळा. नव्या मलमलीतली खळ किडे बोलावते, म्हणून दोनदा धुऊनच वापरा.

बुरशी आली, पांढरट पूड दिसली, की आपल्याकडे पहिली गोष्ट म्हणजे उन्हात घालणे. या टोपलीला कधीही ऊन दाखवू नका. ऊन बांबूला पिळते आणि अतिनील किरणांनी लेपाची चमक कायमची जाते. आधी तो तपकिरी-करडा होतो, मग पाण्याचा थेंब पडला तरी डाग धरू लागतो. सावलीत, वारा असलेल्या जागी चार दिवस ठेवावी आणि तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने पूड झटकावी. तेवढ्याने भागते. खोबरेल तेल, राईचे तेल, बूट पॉलिश, काच पुसायचा फवारा, पितांबरी यांतले काहीही लावू नये. तेलाने दोन दिवस टोपली सुरेख काळी दिसते. मग त्यावर धूळ बसते, आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला तेच खाद्य मिळते.

टोपलीखाली पिठासारखी बारीक पूड पडत असेल तर आत भुंगा आहे. जुनी भोके काळपट असतात, चालू भोकांच्या कडा फिकट, ताज्या लाकडासारख्या. खात्रीसाठी टोपली काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवा. कीटकनाशकाचा फवारा किंवा रॉकेल लावू नका, लेपावर ओघळ उमटतात. फ्रीजरमध्ये ठेवून कीड मारण्याचा उपाय लाकडी वस्तूंना चालतो, पण सुटत चाललेल्या लेपाला नाही. ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या खाद्यपदार्थांच्या पॅकिंगवाल्यांकडे मिळतात. त्यांच्यासह टोपली जाड, हवाबंद, धातूचा थर असलेल्या पिशवीत तीन-चार आठवडे सीलबंद ठेवावी. साधी पॉलिथिन पिशवी चालत नाही. तिच्यातून ऑक्सिजन आत जात राहतो.

काठाचा वेत सुटला, पाय हलू लागला, तर बुरूड आळीतल्या कारागिरांइतके चांगले काम दुसरे कुणी करणार नाही. वेताची बांधणी त्यांच्या हाताला सरावाची आहे. फक्त त्यांना दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. ते सवयीने वस्तू भिजवून घेतात. इथे टोपली भिजवायची नाही, नवा वेत तेवढा वेगळा भिजवून, पाणी निथळून वापरायचा. आणि जुनी बांधणी कापून फेकायची नाही, ती कागदात बांधून मालकाला परत द्यायची. नवा वेत काळा रंगवायचीही गरज नाही. तो नवा आहे हे दिसू द्यावे. उठलेला कपचा बसवायला फेविकॉल, अॅरल्डाइट, झटपट चिकटणारे गोंद यांतले काहीच वापरू नका, ते पुढे निघत नाहीत. कोमट, पातळ सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद) बारीक ब्रशने कपच्याखाली सरकवावा, वर पॉलिस्टर फिल्मचा तुकडा ठेवून हलके वजन रात्रभर ठेवावे. कोमट पाण्याने सरस पुन्हा सैल करता येतो. पण पावसाळ्यात तो मऊ राहतो आणि बुरशी धरतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. गळालेले कपचे डबीत जपून ठेवा. भराव करण्यापेक्षा तेच परत बसवणे केव्हाही बरे.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत असायलाच हवी. फळे, फरसाण, पानसुपारी ठेवायला ही टोपली ‘आकर्षक’ असे लिहितात. रंगात पारा आणि सोमल असू शकतो. झिजलेल्या जुन्या लेपावर खाण्याचा पदार्थ ठेवू नये. कुंडी म्हणूनही नको.

आपल्या जाहिरात विभागाला आमची विनंती आहे, की अशा वस्तूंसाठी किमान एवढी माहिती मागावी: उंची, तोंडाचा आणि बुडाचा व्यास सेंटिमीटरमध्ये, वजन, झाकण मूळचे आहे की नाही, आत-बाहेर कोणते रंग, तडे, कपचे, किडीची भोके कुठे, आणि पॉलिश, वॉर्निश, पेंट, तेल यांपैकी काय लावले आहे व केव्हा. फोटो फ्लॅशशिवाय, दिवसा, शेजारी पट्टी ठेवून काढावेत. बुडाचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो नसेल तर घेणाऱ्याने तो मागावा, समोरचा एकच फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. जिला काही लावलेले नाही, जिच्यावर धूळ आहे, अशी टोपली जाणकार जास्त पैसे देऊन घेतात. हे विक्रेत्यांना एकदा कळले तर पॉलिशवाल्याकडची खेप त्यांची तेच वाचवतील.

कुरियरने पाठवायची असेल तर झाकण वेगळे बांधा. बबल रॅप थेट लेपाला लागू देऊ नका. उन्हाळ्यात टेम्पोत तापल्यावर फुगोट्यांचे गोल ठसे लेपावर उमटतात. वर्तमानपत्राची शाईही लागते. आधी मलमल, मग कोरा मऊ कागद, मग बबल रॅप, आणि एकात एक दोन खोकी, मध्ये सर्व बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भराव. आत कागदाचे बोळे सैल ठेवा. घट्ट कोंबले तर काठाची बांधणी बाहेरच्या बाजूला सुटते. चिकटपट्टी टोपलीला कुठेही लागता कामा नये; ती ओढताना तांबडा थर घेऊनच निघते.

आपले,
जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करणारे दोन वाचक,
नारायण पेठ, पुणे